शोका सोन्जुकु, हागी: शिष्यांनी वाढवलेली गुरूची शाळा

जपानच्या यामागुची प्रांतातील हागी या जुन्या गावात, शोइन देवस्थानाच्या आवारात एकोणिसाव्या शतकातील विचारवंत व शिक्षक योशिदा शोइन यांची ‘शोका सोन्जुकु’ ही शाळा उभी आहे. कौलारू छपराची ही बैठी लाकडी वास्तू जेमतेम 50 चौरस मीटरची आहे. घाईत असलेला पर्यटक दोन छायाचित्रे घेऊन पुढे निघून जातो. तिच्या मूळ व वाढीव भागांचा जोड नीट पाहायचा असेल, तर मात्र येथे सावकाश थांबावे लागते.

परदेश पाहण्याच्या ओढीने 1854 मध्ये शिमोदा येथे अमेरिकी जहाजावर चढण्याचा प्रयत्न केल्यामुळे शोइन यांना तुरुंगवास झाला आणि पुढे त्यांना जन्मदात्या वडिलांच्या, म्हणजे सुगी कुटुंबाच्या, घरात नजरकैदेत ठेवण्यात आले. ते घर शाळेला लागूनच आजही उभे आहे, आणि ज्या अरुंद खोलीत त्यांनी प्रथम घरच्यांना व नंतर शेजारच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, ती बाहेरून दिसते. विद्यार्थी वाढले, तेव्हा 1857 च्या अखेरीस आवारातील सामान ठेवण्याची एक खोपटी दुरुस्त करून तिचा आठ ततामींचा वर्ग करण्यात आला. एक ततामी चटई साधारणपणे 1.8 मीटर लांब आणि 0.9 मीटर रुंद असते, त्यामुळे हा संपूर्ण वर्ग सुमारे 13 चौरस मीटरचाच भरतो.

तोही अपुरा पडू लागल्यावर 1858 च्या वसंतात शिष्यांनी स्वतः राबून साडेदहा ततामींची भर घातली. त्यात साडेचार ततामींची एक खोली, तीन-तीन ततामींच्या दोन खोल्या, मातीच्या जमिनीचा छोटा भाग आणि वर पोटमाळा आहे. भिंत लिंपताना शिनागावा याजिरो या शिष्याच्या हातून चिखल थेट गुरूंच्या तोंडावर पडला, अशी आठवण सांगितली जाते, आणि या बांधकामात गुरू-शिष्य एकत्र राबत होते, हे त्यावरून कळते. माझ्या मते या वास्तूचा खरा ऐवज हा वाढीव भागच आहे. मूळ वर्ग एका माणसाच्या जिद्दीतून उभा राहिला, तर मागच्या खोल्यांत शाळा आपली आहे असे मानणाऱ्या मुलांचे श्रम आहेत. सामुराई घराण्यांतील मुलांबरोबर खालच्या स्तरातील मुलेही येथे शिकत, आणि पुढे जपानचे पहिले पंतप्रधान झालेले इतो हिरोबुमी त्यांपैकीच एक होते. आपल्याकडे पंतोजींची शाळा वाड्याच्या ओसरीवर भरत असे, तसाच हाही घरगुती मामला होता. ओसरी मात्र घरमालकाची असे, आणि येथे जागाच विद्यार्थ्यांनी वाढवली.

आत प्रवेश नाही. उघड्या बाजूने आठ ततामींचा वर्ग आणि भिंतीवरील शिष्यांच्या तसबिरी छान दिसतात, पण मागच्या खोल्या पाहण्यासाठी वास्तूला वळसा घालून वाकून डोकवावे लागते. इतकी नाजूक वास्तू जपायची, तर हा नियम योग्यच आहे. तरीही दोन बांधकामांमधला सांधा कोठे आहे हे दाखवणारा एखादा साधा नकाशा हाती मिळाला, तर पाहणाऱ्याचे समाधान कितीतरी वाढेल.

भोवतालचे देवस्थान हीसुद्धा नंतरची भरच आहे. शोइन यांना 1859 मध्ये एदो (आजचे टोकियो) येथे देहदंड झाला. 1890 मध्ये त्यांच्या नावाने येथे छोटे देऊळ उभारण्यात आले, आणि सध्याचे मुख्य मंदिर तर 1955 चे आहे. त्याच्या भव्यतेपुढे शाळा अधिकच लहान भासते, आणि त्या लहानपणामुळेच ती मनाला भिडते. 2015 मध्ये तिचा समावेश मेइजी काळातील (1868 ते 1912) औद्योगिक क्रांतीच्या जागतिक वारशात झाला. कारखाने, खाणी आणि गोद्यांच्या त्या यादीत ही चटयांची शाळा प्रथमदर्शनी विसंगत वाटते, पण ते उद्योग ज्या राजवटीत वाढले ती घडवणारी माणसे येथे शिकली, हे लक्षात घेता मला ती निवड पटते.

शाळा पाहण्यास शुल्क नाही. गावात फिरणाऱ्या बसच्या पूर्वेकडील फेरीचे नावच ‘शोइन सेन्सेई’, म्हणजे शोइन गुरुजी, असे आहे आणि ती देवस्थानापाशी थांबते. आवारातील मेणाच्या पुतळ्यांचे सशुल्क दालन वगळले तरी चालेल. तो वेळ जवळच चढावर असलेल्या तामाकी बुन्नोशिन यांच्या गवताने शाकारलेल्या घरासाठी ठेवावा, कारण शोइन यांनी पुढे चालवलेल्या या शाळेचा मूळ आरंभ 1842 मध्ये त्यांच्या या काकांनी केला होता.