पहिलं मिलिंग मशीन: टेबलावरचं नवं की उद्यमबागेतलं जुनं?

लेथ घरात आली की वर्षभरात मिलिंगची (फिरत्या कटरने धातू कापायची) भूक लागते. कीवे (चावी बसवायची खाच) पाडायचा, फ्लँजवर पीसीडी (वर्तुळावर सारख्या अंतराची भोकं) मारायची, ब्रॅकेटची बाजू सपाट करायची, आणि दर वेळी जॉब पिशवीत घालून दुसऱ्याच्या शेडच्या दारात उभं राहायचं. इंटरनेटवर या विषयावर सल्ल्याचा पूर आहे, पण तो बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांचा. बेळगावचं गणित वेगळं. इथे उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांत जुनी भारी मशीनं निघतात, ती उचलणारे क्रेनवाले आहेत, झिजलेली स्लाइड स्क्रेप करून (खरवडून सपाट करून) देणारे हात आहेत, मोटर बांधून देणारे वाइंडर आहेत. हे सगळं हिशोबात धरूनच निवड करायची.

साधारण तीन पर्याय समोर येतात: ५०-६० किलोचं मिनी मिल, २५०-३०० किलोचं गिअरहेड (गिअरने स्पीड बदलणारं) बेंच मिल आणि टनाच्या आसपास वजनाचं जुनं टरेट मिलिंग (जमिनीवर उभं, हेड वळवता येणारं). ड्रिलिंग मशीनला क्रॉस व्हाइस लावून मिलिंग करायचा चौथा ‘पर्याय’ कुणीतरी सुचवतोच. त्याच्या नादी लागू नका. ड्रिलचा चक टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) नुसत्या घर्षणाने बसलेला असतो, वरून ड्रॉबार (वर खेचून धरणारा लांब बोल्ट) नसतो. आडवा ताण आला की तो थरथरत सुटतो आणि फिरत्या कटरसकट खाली येतो. त्यापेक्षा लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवलेली परवडली. काम सावकाश होतं, जॉब लहानच लागतो, पण कीवे निघतो.

पहिली चाळणी जागेची. टिळकवाडीत वरच्या मजल्यावर खोली असेल तर टरेटचा विषय तिथेच संपला. घरगुती स्लॅबचं डिझाइन सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या चल भारावर होतं, आणि टरेटचा सगळा टन एवढ्याशा बुडाखाली उतरतो. तळमजला, पक्की फरशी आणि टेम्पो दारापर्यंत येईल अशी गल्ली, हे तिन्ही असेल तरच पुढे वाचा.

मिनी मिलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पितळ, अॅल्युमिनियम, इंजिनाची छोटी मॉडेलं एवढंच करायचं असेल तर ते चांगलं आहे आणि दोघंजण उचलून ठेवतात. अडचण एम.एस.मध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) येते. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिलला मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर सुमारे ८०० आरपीएम लागतात, ते ठीक. पण ६० मिमीचा फ्लायकटर (एकाच पात्याचा रुंद कटर) लावला की आरपीएम १३० वर येतो, आणि इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलवाली छोटी मोटर तिथे दम सोडते. बऱ्याच मॉडेलांत आतले गिअर प्लास्टिकचे असतात. कटर अडकला की तेच आधी तुटतात आणि बदली गिअर उद्यमबागेत मिळत नाही, कुरियरची वाट बघत बसावं लागतं.

गिअरहेड बेंच मिलमध्ये एकच गोष्ट आधी बघा: कॉलम गोल आहे की डव्हटेल (तिरक्या कडांच्या सरळ पट्टीचा). गोल कॉलमचं स्वस्त पडतं, पण हेड वर-खाली केलं की ते कॉलमभोवती थोडं फिरतं. सेंटर ड्रिल काढून लांब ड्रिल लावायला हेड उचललं की भोकाचा सेंटर गेला, पुन्हा डायल (बारीक फरक दाखवणारा काट्याचा मापक) लावत बसा. डव्हटेल कॉलम हेड सरळ रेषेत नेतो. माझ्या मते त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. दुसरं, स्पिंडलचा टेपर आर-८ किंवा आयएसओ ३० असेल तर उत्तम. मोर्स टेपर घट्ट चिकटतो, दर टूल बदलताना ड्रॉबारवर हातोडी मारावी लागते आणि ती मार शेवटी बेअरिंगलाच बसते. हे मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतं, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

आता जुनं टरेट. कारखाने व्हीएमसीकडे (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनकडे) वळले तशी ही मशीनं कोपऱ्यात गेली, आणि पैशाच्या मानाने एवढं बीड (कास्ट आयर्न), एवढा ताठपणा नव्या मशीनमध्ये मिळत नाही. पण रंगाला भुलू नका, ताजा हिरवा रंग म्हणजे पुष्कळदा खालची झीज झाकलेली असते. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. मशीनचं आयुष्य मधल्या वीतभर जागेत गेलेलं असतं, त्यामुळे स्लाइड तिथेच झिजते. मध्ये ढिलं वाटू नये म्हणून विकणाऱ्याने गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळली असेल तर टोकाकडे टेबल जड होतं. मध्ये हलकं आणि टोकाला जड, याचा अर्थ स्क्रेपिंगचा खर्च किमतीत धरा. स्क्रूचा बॅकलॅश (उलट फिरवताना जाणारी मोकळी फेरी) मात्र फार मनावर घेऊ नका, नट बदलता येतो. क्विल (स्पिंडल धरून खाली-वर होणारी नळी) खाली सोडा, लॉक न करता लाकडाच्या दांड्याने आडवा रेटा द्या आणि डायलचा काटा किती हलतो ते बघा. स्पिंडलच्या टेपरमध्ये स्वच्छ बोट फिरवा, चरे किंवा कंगोरे लागले तर कोलेट (कटर पकडणारी चिरांची नळी) कधीच सरळ बसणार नाही. शेवटी वरच्या स्पीडवर पंधरा-वीस मिनिटं चालवा. मालक चहा मागवेल, चहा मशीनशेजारीच उभं राहून प्या, कान बेअरिंगवर ठेवून.

राहिली वीज. वडगाव-शहापूरकडे यंत्रमागाची बंद शेड हाताशी असेल तर थ्री फेज तिथे बहुधा आहेच. नसेल तर हेस्कॉमकडे (वीज कंपनीकडे) अर्ज करण्याआधी मोटरीवरची पाटी वाचा. ४१५ व्होल्ट स्टार (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वाइंडिंगच्या दोन जोडण्या) लिहिलं असेल आणि सहा टोकं बाहेर असतील तर तीच मोटर डेल्टात जोडून, सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देणाऱ्या व्हीएफडीवर (स्पीड बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालते. टोकं तीनच बाहेर असतील तर वाइंडरकडून आतला स्टार पॉइंट सोडवून घ्या. पाटीवर ४१५ डेल्टा असेल तर हा मार्ग बंद, मोटर बदला. तीन एचपीची मोटर व्हीएफडीमधून वीस अँपिअरच्या वर खेचू शकते, तेव्हा घराचा मंजूर लोड आणि वायरची जाडी आधी तपासा.

तळमजला आणि चांगलं तपासलेलं टरेट मिळत असेल तर मी तेच घेईन. बिघडलं तर पाच किलोमीटरच्या आत दुरुस्त होतं. नाहीतर डव्हटेलचं बेंच मिल. मिनी मिल घेऊन ‘पुढे बदलू’ म्हणणाऱ्यांना पैसे दोनदा मोजावे लागतात. इथे स्वस्तात मिळतं ते बिडाचं कास्टिंग, आणि त्याची वाळू लागलेली कडक साल फोडायला मशीनमध्ये वजनच लागतं: पहिला कट सालीच्या खाली जाईल एवढा खोल, आणि कोरडा. बिडाचा भुगा तेलात मिसळला की स्लाइडला पॉलिश पेपरसारखा खातो, म्हणून काम संपल्यावर पुसून मगच स्लाइडवे ऑइल. खानापूरच्या बाजूला राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे रोजचंच काम समजा, नाहीतर टेबलावर गंज आलाच.

मशीनवर सगळे पैसे संपवू नका. कोलेट, चार-पाच एंडमिल, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या), क्लॅम्प सेट, डायल यांना चांगलीच रक्कम लागते. ईआर-३२ कोलेटचा सेट घेतला की २० मिमीपर्यंतची सोय होते. व्हाइस मात्र दुकानातच तपासा: आत दोन पॅरलल ठेवा, त्यावर चौकोनी तुकडा, आवळा आणि मऊ हातोडीने वरून हलकं ठोका. पॅरलल बोटाने सरकली तर चल जबडा वर उचलला जातोय. तो व्हाइस तिथेच ठेवून या.