सेफ्ट्रियाक्झोन की सेफोटॅक्झिम: वॉर्डातल्या काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्स, जंतूंवरची पकड जवळपास सारखी. स्यूडोमोनास, एन्टेरोकॉकस, लिस्टेरिया या जंतूंवर दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून निवड ठरते ती घड्याळावर आणि आयव्ही (शिरेतल्या) लाइनवर.

सेफ्ट्रियाक्झोनचा हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 8 तास. बहुतेक संसर्गांत दिवसाला एकच डोस, मोठ्यांच्या मेंदुज्वरात 2 ग्रॅम दर 12 तासांनी. सेफोटॅक्झिमचा जेमतेम तासाभराचा, म्हणजे दर 6 ते 8 तासांनी नवी वायल (औषधाच्या पावडरीची कुपी), नवी सिरिंज, आणि रात्रीचा डोस हमखास लांबतो. किडनी बिघडली तरी सेफ्ट्रियाक्झोनचा डोस सहसा तोच राहतो. लिव्हरही बिघडलेलं असेल तर दिवसाला 2 ग्रॅमच्या वर जाऊ नये. सेफोटॅक्झिम मात्र क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या गाळण्याचं माप, मिली/मिनिट) 20 च्या खाली गेला की निम्मं करावं लागतं. खर्च आणि श्रम पाहता सेफ्ट्रियाक्झोनच सरस, असं माझं ठाम मत होतं.

पण कॅल्शियम! आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) ते असतंच. त्यात वायल विरघळवायची नाही, वाय-साइटमधूनही (लाइनच्या Y आकाराच्या जोडातूनही) दोन्ही एकत्र सोडायचं नाही, साका (न विरघळणारा गाळ) धरतो. मोठ्यांमध्ये आरएल बंद, नॉर्मल सलाईनने लाइन फ्लश, मग औषध, पुन्हा फ्लश, मगच आरएल. घाईत गळतो तो दुसरा फ्लश, कारण औषध संपलं की काम झालं असं वाटतं. 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं आयव्ही, अगदी टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) सुद्धा, चालू असेल किंवा लागणार असेल तर फ्लश करूनही सेफ्ट्रियाक्झोन द्यायचं नाही. फुप्फुसांत आणि किडनीत साका सापडून बाळं दगावल्याच्या नोंदी आहेत. शिवाय सेफ्ट्रियाक्झोन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन (कावीळीतलं पिवळं द्रव्य) सुटं करतं, म्हणून कावीळ असलेल्या नवजाताला नकोच. तिथे मत बदललं: सेफोटॅक्झिमच्या जादा वायल्स सुखाने फोडाव्यात. फक्त 3 ते 5 मिनिटं घेऊन हळू द्यावं. सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीतून) मिनिटाच्या आत ढकलल्यावर हृदयाची लय बिघडल्याचं नोंदलेलं आहे.

सेफ्ट्रियाक्झोन आयएम (स्नायूत) फार दुखतं. 1 ग्रॅमला 1 टक्का लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) साधारण 3.5 मिली, खोल स्नायूत, एका जागी 1 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. लिग्नोकेनमध्ये विरघळवलेलं औषध आयव्हीत कधीच जाता कामा नये, म्हणून सिरिंज भरताक्षणी लेबल लावावं.

मोठा डोस बरेच दिवस चालला तर पित्ताशयातही कॅल्शियमसोबत साका बसतो आणि सोनोग्राफीत खड्यांसारखा दिसतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा विरघळतो, तेव्हा ऑपरेशनचा विचार करण्याआधी औषधाचा तक्ता उघडावा.