नदीकाठच्या शाळेचे दप्तर आणि एनएएस यंत्र : एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीत कृष्णेच्या पूरपट्ट्यात असलेल्या आमच्या शिक्षणसंस्थेने २०२५ च्या उन्हाळ्यात कार्यालयाच्या नेटवर्कला जोडून वापरायचे दोन हार्ड डिस्कचे साठवणूक यंत्र, म्हणजे एनएएस, खरेदी केले. त्यात प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची हुबेहूब प्रत राखतील अशा पद्धतीने बसवल्या. सोबत एक यूपीएस, दोन सुट्या बाह्य डिस्क आणि उघड्या वहीची वरून प्रतिमा टिपणारा स्कॅनर घेतला. सगळा खर्च एक लाख रुपयांच्या आत बसला. पूर्ण पावसाळा, प्रथम सत्र आणि त्यानंतरची दाखल्यांची गर्दी या काळात वापर झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथील बहुतेक मुद्दे या जातीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडतील.

खरेदीपूर्वी सर्वांत जास्त वेळ काय जपायचे हे ठरवण्यात गेला, आणि तो कारणी लागला असे आता ठामपणे म्हणता येते. शाळेच्या कार्यालयात कागद अमाप असतो, पण त्यातला बराचसा दुसरीकडे कुठेतरी असतोच. पगाराची माहिती शालार्थ प्रणालीत असते, चालू विद्यार्थ्यांची यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणी संकेतस्थळावर असते, दहावीचे निकाल मंडळाकडे असतात. हे आमच्याकडून नाहीसे झाले तरी हेलपाटे घालून परत मिळवता येईल. जनरल रजिस्टरची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पहिलीत नाव घातलेल्या मुलाची जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात त्यात त्या काळच्या हस्ताक्षरात नोंदलेली असते, आणि आज त्याच्या नातवंडांचे जातपडताळणीचे प्रकरण त्या एका ओळीवर उभे असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक, म्हणजे त्या दिवशी कुटुंब राज्यात राहत होते हे पुराव्याने दाखवावे लागते असे दिनांक, आहेत, त्यामुळे त्यापूर्वीची रजिस्टरे ही संस्थेच्या इमारतीपेक्षाही मौल्यवान ठरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ज्या जुन्या कागदपत्रांकडे सर्वांचे डोळे लागले त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. म्हणून आमच्या यादीत पहिले स्थान जनरल रजिस्टरांना मिळाले. त्यानंतर सेवापुस्तके, वैयक्तिक मान्यतेचे आदेश, जमिनीची व इमारतीची कागदपत्रे आणि जुन्या निकालपत्रकांचा क्रम लागला. स्नेहसंमेलनाचे फोटो शेवटी आले. काही शिक्षकांना हा क्रम रुचला नाही, पण तो तसाच राहिला.

धोका कोणता, याची चर्चा सांगलीत फार करावी लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, त्याआधी २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराने शहर गाठले. शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कीड लागत नसे. २००५ च्या पुराने त्याच पेवांचे मोठे नुकसान केले. एका संकटासाठी निवडलेली सुरक्षित जागा दुसऱ्या संकटात सर्वांत आधी जाते, ही गोष्ट इथे कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. यंत्र पहिल्या मजल्यावर ठेवून पुराचा प्रश्न बराचसा सुटला, पण आगीचा सुटला नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत फायली जळाल्या त्या चौथ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरच्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टीबी माहिती गेली, कारण तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. एवढ्या मोठ्या यंत्रणेचे असे होते म्हटल्यावर आमच्या कार्यालयातील एका खोक्यावर किती भिस्त ठेवायची, याचा निर्णय आपोआप झाला.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. रोजच्या कामात यंत्र जवळजवळ विसरले जाते, आणि हे त्याचे मोठे गुण मानावे लागतील. लिपिकांचे तिन्ही संगणक रात्री आपली माहिती त्यात उतरवतात, वीज गेली की यूपीएसकडून यूएसबी तारेवाटे सूचना मिळून यंत्र स्वतःच व्यवस्थित बंद होते आणि वीज आल्यावर सुरू होते. पावसाळ्यात आमच्या भागातील विजेचा लपंडाव पाहता ही सोय नसती तर डिस्क कधीच खराब झाल्या असत्या. ऑगस्टमध्ये एका डिस्कवर खराब सेक्टर वाढत असल्याचा इशारा आला. हमीच्या मुदतीत ती बदलून मिळाली आणि नव्या डिस्कवर संपूर्ण प्रत रात्रभरात तयार झाली. त्या काळात दाखल्यांचे काम एक तासही थांबले नाही.

तरीही विक्रेते ज्या सुरात सांगतात त्या सुरात ‘दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे’ असे समजू नये. दोन डिस्कची जोडी फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवते. एखादी फाईल एका डिस्कवरून पुसली गेली की त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते, आणि खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. त्यावर उपाय म्हणजे यंत्रातील स्नॅपशॉटची सोय, जी ठरावीक वेळेची स्थिती गोठवून ठेवते आणि नेहमीच्या लॉगिनने पुसता येत नाही. निकालपत्रकांची नावे बदलताना कार्यालयात एक अख्खे फोल्डर रिकामे झाले होते. ते आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून काही मिनिटांत परत आले. स्नॅपशॉटची सोय नसलेले स्वस्त मॉडेल घ्यायचे असेल तर त्यापेक्षा दोन साध्या बाह्य डिस्क घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवनागरी नावांच्या बाबतीत मात्र यंत्राने छळले. कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, फोल्डरमध्ये फाईलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा आहे आणि संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, ज्यात काना, वेलांटी आणि हलन्तही वेगवेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ एवढ्या एका शब्दालाच ३० बाइट लागतात, म्हणजे ४७ चिन्हांपुढे नाव गेले की प्रत अडकते. माहितीपत्रकात ही मर्यादा बारीक अक्षरांत एका तळटीपेत होती आणि तिथे ती ‘अक्षरांत’ सांगितली होती. शेवटी फाईलला फक्त रजिस्टर क्रमांक, वर्ष आणि पान एवढेच आकडे द्यायचे आणि सविस्तर नावे वेगळ्या सूचीत ठेवायची, असे ठरले. ही सूची पुढे सगळ्यांत उपयोगी ठरली, कारण हस्तलिखित मजकूर संगणक वाचून शोधून देईल अशी आशा आमच्या जुन्या वळणदार अक्षरांपुढे टिकली नाही. कोणत्या पानावर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतची नावे आहेत, एवढे जरी लिहून ठेवले तरी दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ताटकळत बसावे लागत नाही. सूचीशिवाय स्कॅन केलेली हजारो पाने म्हणजे नुसता साठा होय.

स्कॅनिंगला अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ लागला. ए४ आकाराचे पान ३०० डीपीआयला रंगीत आणि न आवळता साठवले तर सुमारे २६ एमबी होते, आमची रजिस्टरे त्याहून मोठी आहेत. मूळ प्रतिमा दर्जा न घटवता आवळून ठेवल्या आणि रोजच्या वापरासाठी हलक्या पीडीएफ बनवल्या. कृष्णधवल स्कॅन करून जागा वाचवण्याची सूचना आली होती, पण जुन्या नोंदींत तांबड्या शाईचे शेरे आणि निळ्या शाईची दुरुस्ती हीच कधी कधी वादाची मुख्य बाब असते, त्यामुळे रंग सोडला नाही.

बाहेरच्या प्रतीसाठी संस्थेची जत तालुक्यातील शाखा निवडली. तालुका दुष्काळी, हवा कोरडी आणि कृष्णेच्या पुराचे पाणी तिथे पोचण्याचा प्रश्नच नाही. जिल्ह्याच्या या दोन टोकांचा असा उपयोग होईल असे कोणाला वाटले नव्हते. दोन बाह्य डिस्कपैकी एक नेहमी जतला असते, दुसरी इथे ताजी होते आणि मासिक सभेला येणाऱ्या शिक्षकांबरोबर त्यांची अदलाबदल होते. आयर्विन पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेले की सभेची वाट न पाहता ताजी डिस्क रवाना करायची, असा ठराव आहे. प्रत झाल्यावर डिस्कची तार काढून ठेवणे हा या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या संगणक-विषाणूच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी झाले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या गटाकडील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले, तेव्हा त्यांच्या संपूर्ण नेटवर्कची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकमेव शाबूत प्रत घानात सापडली, तीही वीज गेल्याने तिथला सर्व्हर त्या वेळी नेटवर्कबाहेर होता म्हणून. त्यांना जे योगायोगाने लाभले ते आम्ही महिन्याकाठी हाताने करतो.

क्लाऊडवरही प्रत आहे, पण फक्त रजिस्टरे आणि सेवापुस्तकांची. आमच्या जोडणीचा माहिती वर चढवण्याचा वेग २० एमबीपीएस आहे, त्या हिशेबाने १ टीबी चढायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. विद्यार्थ्यांची जात आणि जन्मतारीख असलेली माहिती बाहेर पाठवायची तर ती आपल्याकडेच कूटबद्ध करून पाठवली पाहिजे, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर नक्कीच. मात्र कूटबद्ध प्रतीची किल्ली हरवली तर प्रतही गेली. किल्ली कागदावर छापून दोन मोहोरबंद लिफाफ्यांत, एक अध्यक्षांकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, अशी ठेवली आहे. यंत्र पुरवणाऱ्याने याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

अग्निरोधक तिजोरीचा विचार करणाऱ्यांनी एक तपशील पाहूनच पैसे द्यावेत. कागदासाठीच्या तिजोरीची चाचणी आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहते का यावर होते, तर हार्ड डिस्कसारख्या साधनांसाठी ही मर्यादा ५२ अंशांची आहे. कागद वाचेल त्या तिजोरीत डिस्क निकामी होऊ शकते. शिवाय अग्निरोधक म्हणजे जलरोधक नव्हे. आम्ही तिजोरी घेतली नाही. मूळ रजिस्टरे पहिल्या मजल्यावरील लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच फळ्यांवर हलवली. स्कॅन झाले म्हणून मूळ वही दुर्लक्षित करणे परवडणारे नाही, कारण पडताळणी समितीचे दक्षता पथक येते ते मूळ पान, शाई आणि मागचापुढचा क्रम पाहायला.

बॅकअप परत उतरवून पाहण्याची चाचणी दिवाळीच्या सुट्टीत घेतली. जतहून आलेली डिस्क एका कोऱ्या संगणकाला जोडली आणि एनएएस यंत्र बंद ठेवले. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबसारख्या संगणकतज्ज्ञांच्याच कंपनीत चुकून माहितीसाठा पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही, हे वाचल्यापासून या चाचणीचा आग्रह मी धरला होता. रजिस्टरे नीट उघडली. जुनी निकालपत्रके मात्र उघडूनही वाचता आली नाहीत, कारण ती युनिकोड ही सर्व संगणकांना समान अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती आणि कोऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला. डिस्क सुरक्षित, फाईल सुरक्षित, मजकूर मात्र गायब, अशी ही स्थिती होती. त्या सर्व फायलींच्या पीडीएफ प्रती आता मूळ फाईलसोबत ठेवत आहोत, आणि हे काम अजून पुरे व्हायचे आहे.

ज्या शाळेत संगणकाची थोडी जाण असलेला आणि पुढची काही वर्षे बदली न होणारा एक माणूस आहे, त्या शाळेने एनएएस जरूर घ्यावे, मात्र स्नॅपशॉट आणि यूपीएससह. जिथे तसा माणूस नाही तिथे आधी स्कॅनर आणि दोन बाह्य डिस्क पुरतील, आणि १९६७ पूर्वीच्या रजिस्टरांपासून सुरुवात करावी. आमच्या अंदाजपत्रकात पुढील वर्षासाठी डिस्क बदलण्याची तरतूद धरली आहे; यंत्राची हमी दोन वर्षांची आहे, डिस्कची तीन.