आठ महिने जीसीसीचं फास्ट-मॅथ वापरून : पाच स्टारवरून दोनवर

लॅपटॉप जुना आहे आणि नवीन घ्यायचा नाहीये, त्यामुळे फुकटातला स्पीड मी सोडत नाही. पायथनसाठी सी++ मध्ये स्वतःपुरती रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी) लायब्ररी लिहिली होती. आवाज चालू असताना सगळं ठीक, पण आवाज थांबून घुमाऱ्याची शेपूट विरायला लागली की फॅन बोंबलायचा. शून्याजवळचे बारके आकडे, म्हणजे सबनॉर्मल, तिथे प्रोसेसर रडतो. उबुंटू २२.०४ च्या जीसीसी ११ या कंपायलरमध्ये फास्ट-मॅथ लावलं, म्हणजे अचूकतेचे नियम ढिले करून हिशेब पळवणारा फ्लॅग, आणि फॅन गप्प! तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार.

मग मित्राने लायब्ररी घेतली. त्याला नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) वॉर्निंग द्यायला लागलं की सगळ्यात लहान सबनॉर्मल शून्य आहे. मी म्हटलं तुझंच काहीतरी बिघडलंय. दोन दिवस वाद. शेवटी इम्पोर्टच्या आधी आणि नंतर एमएक्ससीएसआर (प्रोसेसरची दशांश-हिशेबाची सेटिंग ठेवणारं) रजिस्टर छापलं, तर ६ आणि १५ नंबरचे बिट चालू झालेले, डीएझेड आणि एफटीझेड, म्हणजे सबनॉर्मल आत आले किंवा उत्तरात निघाले तर सरळ शून्य धरा. माझं एकही फंक्शन न बोलावता, नुसत्या इम्पोर्टवर!

झालं काय, तर या फ्लॅगने लिंक केलं की जीसीसी स्वतःची एक छोटी स्टार्टअप फाइल जोडतं आणि ती लोड होतानाच हे बिट लावते. मेन प्रोग्रामपुरतं एकवेळ समजू, पण शेअर्ड लायब्ररीत पण? एका खोलीचा भाडेकरू आणि हात अख्ख्या बिल्डिंगच्या मीटरपेटीत. त्यात सेटिंग थ्रेडपुरतं (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या एकेका धाग्यापुरतं), नवीन थ्रेड ते त्याला सुरू करणाऱ्या बापाकडून घेतो, म्हणजे २.२ई-३०८ चं निम्मं केलं तर इम्पोर्टआधीच्या थ्रेडमध्ये उत्तर बरोबर आणि नंतरच्यात सरळ शून्य. मित्राचा कोड दोन आकडे वेगळे आहेत हे तपासून मग त्यांच्या वजाबाकीने भागायचा, आणि वजाबाकीच शून्य. बसा शोधत.

अपडेट : याची तक्रार २०१२ पासून पडून होती, २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये शेअर्ड लायब्ररीपुरतं हे बंद केलं. मी उबुंटू २४.०४ टाकलं, त्यात १३ च येतं. मित्र खूश, आणि माझा फॅन परत चालू! म्हणजे ज्या स्पीडचं कौतुक करत होतो तो बाकीच्या फास्ट-मॅथचा नव्हताच, त्या दोन बिटांचा होता.

आता फ्लॅगच काढलाय. फंक्शनमध्ये शिरताना रजिस्टर वाचून ठेवतो, दोन बिट लावतो, निघताना जुनं होतं तसं परत. चार ओळी. फॅन गप्प आहे, मित्राला मात्र चहा पाजावा लागला.