५ चं बटण अडकत होतं आणि माझे ६८,६०० रुपये गेले

मी पतसंस्थेत बारा वर्षं कॅशियर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण बँकेत, पोलीस ठाण्यात, घरीसुद्धा मला एकच वाक्य ऐकवलं गेलं, "तुम्ही कॅशियर, तुम्हाला कळायला नको?" नाही कळलं. तुमच्याही लक्षात आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

मार्चमधला शुक्रवार, संध्याकाळचे पावणेआठ. एसटी स्टँडसमोरचं एटीएम दुसऱ्या बँकेचं, पण तेवढं एकच चालू होतं. मुलीच्या हॉस्टेलच्या डिपॉझिटचे १०,००० रोख हवे होते. कीपॅडवरचे आकडे घासून गेलेले, वरची ट्यूब बंद, बटणांवरचं आडोशाचं झाकण तुटलेलं. माझी बोटं दिवसभर कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालतात. तिथे ७-८-९ वरच्या ओळीत, एटीएमला १-२-३ वर. त्यामुळे इथे मला न बघता पिन टाकता येत नाही, वाकून एकेक आकडा शोधावा लागतो. त्यात ५ चं बटण अडकत होतं. दाबलं तरी स्क्रीनवर टिंब उमटेना.

"ताई, ते बटण तसंच आहे. अंगठ्याने दाबून धरा." मागे पंचविशीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, हातात पासबुक. ते पासबुक बघून मी निर्धास्त झाले. जोर लावायला, बटणांवर आडोसा धरलेला डावा हात काढून मशीनला टेकवला. एकेक आकडा सावकाश दाबला. त्याला वाचायला याहून सोपं काय हवं होतं? एटीएमच्या खोलीत दुसरं कोणी असेल तर पिन टाकूच नका, बाहेर व्हा म्हणा. वाईट वाटलं तर वाटू दे.

तेवढ्यात वेळ संपून कार्ड बाहेर आलं. "चिपवर धूळ असेल," म्हणत त्याने ते काढलं, शर्टाला दोनदा पुसलं आणि स्वतःच आत घातलं. त्या पुसण्यात कार्ड बदललं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवून रात्री झोप लागत नाही. मी पिन पुन्हा टाकला. या वेळी चारही टिंबं नीट उमटली. मी मोजली. तरीही मशीन म्हणालं, पिन चुकीचा. बारा वर्षं पैसे मोजणाऱ्या बाईला तिथेच थांबायला हवं होतं! पण बटण खराब आहे हे डोक्यात इतकं बसलं होतं की दोष बटणालाच दिला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा चुकलं तर कार्ड ब्लॉक होईल म्हणून निघाले. कार्डावरचं नाव वाचलं नाही. तुम्ही वाचा, दर वेळी.

७:५८ ते ८:०४ मध्ये १०,०००, १०,००० आणि ५,००० निघाले. दिवसाची मर्यादा संपली. ८:४० ला सराफाच्या दुकानात १८,६००. रात्री बारा वाजून गेल्यावर नव्या दिवसाचे पुन्हा २५,०००. मेसेज सगळे आले होते. पण एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती, घरी स्वयंपाक होता, फोन चार्जिंगला होता. सकाळी बघितलं तर खात्यात ४१२ रुपये.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर १९३० चौथ्या प्रयत्नात लागला, तक्रार नोंदली, कार्ड बंद केलं. तो दुसरा शनिवार, म्हणून शाखा थेट सोमवारी. साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच दिला असणार." फुटेज मागितलं तर म्हणे, मशीन आमचं नाही. मशीनवाली बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, मशीन आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीतले म्हणाले, सराफ जिल्ह्याच्या गावी आहे, तिकडे जा. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते हे मी सांगितलं तेव्हा "तुम्ही कायदा शिकवू नका" हे उत्तर मिळालं. अकरा दिवस तिन्ही ठिकाणी हेलपाटे घातले आणि रजेचा पगार कापला गेला तो वेगळाच.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात बँकेवर आहे, आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची आहे. साहेबांनी ते बाजूला ठेवलं. पोच मागितली तर देईनात, मी खुर्चीवरून उठले नाही तेव्हा शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेले, तिथे अजून तक्रार पडून आहे.

मी पिन कुणाला सांगितला नाही. कागदावर लिहिला नाही. अडकणारं बटण मी बसवलं नव्हतं, तुटलेलं झाकण मी तोडलं नव्हतं. मग निष्काळजी मीच कशी?

गेल्या सोमवारी मुद्दाम त्या मशीनकडे गेले. झाकण तसंच तुटलेलं. एक आजोबा ५ वर अंगठा रेटत होते. त्यांना कार्ड काढायला लावलं, नाव वाचून दाखवलं आणि बाहेर घेऊन आले.