कॅम्परव्हॅनमध्ये डिशची छत्री की मोबाइलचं नेट? सोलापूरकरांसाठी आढावा

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेताना पलंग, शेगडी, पाण्याची टाकी ठरते आणि मग टीव्हीवर गाडं अडतं. डिश बसवायची, की राउटर घेऊन नेटवरच भागवायचं? दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो दोन्ही विकतो. मुक्काम कुठे पडतो आणि एका जागी किती रात्री राहता, या दोन गोष्टींवर उत्तर ठरतं.

आधी एक गैरसमज. साधी छत्री चालत्या गाडीत चालत नाही. ६० सेंमीच्या डिशचा नेम दीड-दोन अंशांनी हलला की चित्राचे चौकोन पडतात आणि मग पडदा काळा होतो. चालताना उपग्रह धरून ठेवणारी स्वयंचलित डिश असते, पण तिची किंमत ऐकून बहुतेक जण विषय सोडून देतात. टपावर पक्की बसवलेली छत्रीही मुक्कामात त्रास देते, कारण आत कोणी चहा ठेवायला उठलं तरी गाडी डुलते. म्हणून ट्रायपॉड जमिनीवर लावा, मधल्या हुकाला पाच लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन अडकवा आणि दहा-पंधरा मीटर आरजी-६ (डिशला लागते ती गोल) केबल आत न्या. खिडकीच्या फटीतून जायला चपटी केबल मिळते. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच गळून पडतं.

मासिक वर्गणी नको असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्यावी. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं. बॉक्स एमपेग-४ चाच (चित्राच्या नव्या पद्धतीचा) घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या येतच नाहीत. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. सोलापुरातून दिशा होकायंत्रावर १३४ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची ६१ अंश. हैदराबादला दिशा १३८ होते, पणजीला १२७, त्यामुळे एकदा हात बसला की पुढच्या मुक्कामाला फार शोधावं लागत नाही. फोनचं होकायंत्र गाडीपासून सात-आठ पावलं लांब जाऊन बघा, पत्र्याजवळ ते हमखास चुकतं. छत्रीचं तोंड दिसायला बरंच खाली झुकलेलं वाटेल, त्याला फसू नका. ही ऑफसेट डिश असते, म्हणजे ती तोंड दिसतं त्यापेक्षा वर बघते, तिची खरी उंची ब्रॅकेटवरच्या आकड्यांवर वाचायची.

आता जिथे बहुतेकांची अर्धी संध्याकाळ जाते ती जागा. स्वस्तातला सॅट फाइंडर (उपग्रहाचा सिग्नल शोधणारं छोटं यंत्र) पीं-पीं करतो, बॉक्सवर स्ट्रेंग्थ ऐंशी दिसते, पण क्वालिटी शून्य. तुम्ही शेजारचा उपग्रह धरलेला असतो. डिश टीव्ही कंपनीचा एसईएस-८ हा ९५ अंशांवर, म्हणजे जेमतेम दीड अंश पलीकडे आहे, आणि फाइंडरला त्यांतला फरक कळत नाही. छत्री केसभर पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला सरकवा, दोन सेकंद थांबा, क्वालिटी बघा, पुन्हा सरकवा. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. भराभर फिरवलं तर बरोबर जागेवरूनही पुढे निघून जाल. क्वालिटी आली की एलएनबी तिच्या कड्यात फिरवून पाहा. सोलापुरात तिला सुमारे ४३ अंशांचा तिरकस कोन लागतो, सरळ ठेवली तर क्वालिटी वर चढतच नाही. सगळं जमलं की नट आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला की नेम हलतो.

झाडाचं गणित मात्र सोलापूरच्या उन्हाने अवघड केलंय. एप्रिल-मे महिन्यांत गाडी कडुनिंबाखाली लावण्याशिवाय गत्यंतर नसतं आणि छत्रीला मोकळं आभाळ हवं असतं. सुदैवाने दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं, उपग्रह आग्नेयेला. झाड गाडीच्या पश्चिमेला येईल अशी गाडी लावा, दोन्ही साधतं. आग्नेयेला झाड असेलच, तर छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाडापासून किमान सहा मीटर लांब राहा. एअरटेलच्या डिशचा उपग्रह १०८.२ अंशांवर, इथून फक्त ४८ अंश उंच दिसतो. त्याला त्याच झाडापासून नऊ-दहा मीटर लागतात. टाटा प्लेचा ८३ अंशांचा उपग्रह ६८ अंश उंच आहे, अंतराच्या हिशेबात तो सगळ्यांत सोयीचा.

पावसात डिश जाते, हे खरं. पण सोलापूर पर्जन्यछायेतलं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातले जोराचे सप्टेंबरातले. सर ओसरली की चित्र परततं. कोकणात जुलै काढणार असाल तर मात्र डिशचा विचार सोडा.

नेटचं दुखणं वेगळं. त्याला आभाळाशी देणंघेणं नाही, त्याला गर्दी मारते. आषाढीला पंढरपुरात किंवा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याजवळ गाडी लावा. फोनवर फुल रेंज, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. टॉवर आहे, पण तो लाखो माणसांत वाटला जातोय. उपग्रहाला खाली एक छत्री आहे की लाख, फरक पडत नाही. गर्दीतल्या मुक्कामाला डिशच जिंकते.

डेटाचाही हिशेब करा. ७२० पी चित्राला तासाला एक ते दीड जीबी, फुल एचडीला तीन जीबीपर्यंत. रोज २ जीबीच्या पॅकवर एक टी-२० सामनाही धड बसत नाही, आणि मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. ‘अमर्याद ५जी’ हे ५जीची रेंज असेपर्यंतच. महामार्ग सोडून आत शिरलात आणि फोन ४जीवर उतरला, की रोजचा कोटा सुरू. म्हणून सेटिंगमध्ये चित्र ४८० पी वर टाका, २४ इंची टीव्हीवर फारसं खटकत नाही.

पत्र्याची गाडी सिग्नल अडवते. टेबलावर ठेवलेल्या हॉटस्पॉटपेक्षा टपावर अँटेना आणि आत ४जी राउटर कितीतरी बरा. राउटर घेताना त्याला बाहेरची अँटेना लावायची जागा आहे का, ते बघा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. डॅशबोर्डवर राउटर ठेवू नका, मे महिन्यात तो तापून मंदावतो किंवा बंदच पडतो.

काय बघायचंय, हेही मोजा. फ्री डिशवर सह्याद्री आहे, पण खासगी मराठी वाहिन्या फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावानुसार येतात-जातात. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. क्रिकेटमध्ये एक गंमत आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि ते डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशवरच दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे खासगी डीटीएचवरच्या डीडी स्पोर्ट्सला ते मिळत नाही. आयपीएल यात बसत नाही. आणि नेटवर सामना बघत असाल, तर चित्र मागून येतं, आणि शेजारच्या डिशवाल्या गाडीतला जल्लोष तुमच्या चौकाराआधी ऐकू येतो.

विजेत फारसा फरक नाही. ३२ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून १२ व्होल्टला पाचेक अँपिअर, राउटर लावला तरी तेवढंच. बॉक्स थेट बॅटरीला मात्र जोडू नका. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत चढतात, मधे १२ व्होल्टचा रेग्युलेटर हवा.

गर्दीचे दिवस टाळून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असे एक-दोन रात्रींचे मुक्काम करणाऱ्यांनी नेटच घ्यावं आणि मालिका घरच्या वायफायवर उतरवून निघावं. फोनमधून टीव्हीवर केबलने दाखवायचं असेल तर फोन तसं चित्र बाहेर देतो का, हे निघण्याआधी तपासा, बरेच स्वस्त फोन देत नाहीत. उजनीच्या काठी किंवा शेतावर आठवडाभर गाडी उभी करणाऱ्यांनी फ्री डिश घ्यावी आणि नेट फक्त फोनपुरतं ठेवावं. वारीत महिनाभर फिरणाऱ्या गाडीला दोन्ही लागतात, पण खासगी डीटीएचच्या वर्गणीत पैसे घालू नका. त्याच पैशांत दुसऱ्या कंपनीचं सिम भरा.