रेड डेड रिडेम्प्शन २: ऑनरची पट्टी गोष्ट कुठे वळवते आणि कुठे नाही

बरेच जण हा गेम घेतात ते एका समजुतीवर: चांगलं वागलं की एक गोष्ट, वाईट वागलं की दुसरी. तसं इथे होत नाही. तुम्ही साधू व्हा नाहीतर दरोडेखोर, मुख्य मिशन तीच, क्रम तोच आणि नायक आर्थर मॉर्गनचं मरणही ठरलेलं. बदलतं ते एवढंच की तो कसा मरतो, शेवटच्या दिवसांत कोणाशी काय बोलतो, आणि आपल्या आयुष्याकडे कोणत्या नजरेने बघतो. आमच्या मते हा बदल वीस वेगवेगळ्या शेवटांपेक्षा मोलाचा आहे. मात्र तो हाती लागण्यासाठी ऑनरची पट्टी, म्हणजे आर्थरच्या बऱ्यावाईट वागण्याचं माप, चालते कशी, ते आधी कळायला हवं.

थोडी ओळख. रॉकस्टारचा हा गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. काळ १८९९ चा. डच व्हॅन डर लिंडच्या टोळीतला आर्थर म्हणजे आपण. गोष्टीचे सहा भाग, पुढे दोन भागांचा उपसंहार. (खाली शेवटाबद्दल उघडपणे लिहिलं आहे. ज्यांना तो आधी कळायला नको, त्यांनी इंस्टॉलेशनचा परिच्छेद तेवढा वाचावा.)

पट्टी एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला पांढरी. काही बरंवाईट केलं की स्क्रीनवर टोपीचं चिन्ह उमटतं: लाल म्हणजे घट, पांढरं म्हणजे वाढ. खून, निरपराध माणसाची लूट, घोडा मारणं, ट्रेनमधल्या प्रवाशांना लुबाडणं यांनी ती झपाट्याने खाली येते. वर चढते ती मात्र मुंगीच्या पावलांनी. रस्त्यात भेटलेल्याला नमस्कार, कॅम्पमध्ये लाकडं फोडणं, धान्याचं पोतं वाहून नेणं, टोळीच्या पेटीत पैसे टाकणं, पकडलेला मासा परत पाण्यात सोडणं. एकेका कामाने फरक दिसतही नाही, पण रोजची सवय केली की दोन-तीन भागांत पट्टी मध्याच्या बरीच वर जाते. पार वरच्या टोकाला पोचल्यावर दुकानांत ५० टक्के सूट मिळते. खाली राहणाऱ्यालाही थोडा मोबदला आहे: मारलेल्यांच्या खिशात टॉनिकसारख्या वस्तू जास्त सापडतात.

नवख्यांची पट्टी घसरते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, आणि त्यात मनातलं पाप नसतं. माणसाकडे लक्ष वळवायचं बटण आणि नेम धरायचं बटण एकच आहे: कन्सोलवर एल-टू, पीसीवर माऊसचं उजवं बटण. हात रिकामा असेल तर नमस्काराचा पर्याय येतो. बंदूक हातात असेल तर तेच बटण दाबताच ती समोरच्यावर रोखली जाते. तो घाबरून पळतो, कोणीतरी शेरीफकडे धावतं, गोळीबार होतो आणि साध्या नमस्काराचा शेवट दोन-चार मुडद्यांत होतो. म्हणून व्हॅलेंटाइन, रोड्स किंवा सेंट डेनिसच्या वेशीत शिरण्याआधी हत्यार म्यानात घालायचं, घोडा चालीवर आणायचा आणि मगच रस्त्याला लागायचं. भरधाव घोडा पादचाऱ्याला धडकला तरी गुन्हा नोंदतो.

दुसरा घोळ डोक्यावरच्या बक्षिसाचा. बक्षीस आणि ऑनर हे दोन वेगळे हिशेब. न्यू हॅनोव्हर, लेमॉयन, वेस्ट एलिझाबेथ अशा प्रत्येक राज्यात बक्षिसाचा आकडा निराळा असतो. स्टेशनातल्या पोस्टाच्या खिडकीवर पैसे भरले की तो पुसला जातो, पण गेलेला ऑनर त्याने परत येत नाही. तोंडाला रुमाल बांधण्याचंही तेच. २०१० च्या पहिल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’ गेममध्ये रुमाल बांधला की ऑनर सुरक्षित राहायचा. इथे रुमालाने पोलिसांना ओळख पटायला वेळ लागतो, एवढंच. जुना गेम खेळून आलेले इथे हमखास फसतात.

आता गोष्टीच्या गाभ्याकडे. दुसऱ्या भागात टोळीचा हिशेबनीस स्ट्रॉस सावकारी करतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. पेरणीला पैसे उचलून पुढे व्याजाखाली दबलेली घरं खान्देशातल्या कापसाच्या गावांनी पाहिली आहेत, त्यामुळे ही मिशनं आपल्याकडच्या खेळाडूला जरा जास्तच झोंबतात. त्यात थॉमस डाउन्सची वसुली टाळताच येत नाही. खोकणारा, अशक्त माणूस, बाजूला बायको आणि पोरगा. आर्थर त्याला कुंपणाशी बडवतो आणि त्याच्या खोकल्यातलं रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. त्या क्षणी काहीच घडल्यासारखं वाटत नाही. पाचव्या भागात सेंट डेनिसचा डॉक्टर सांगतो: क्षय. जंतू १८८२ मध्येच सापडला होता, पण त्याला मारणारं औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. १८९९ मधल्या आर्थरला डॉक्टर हवापालट आणि विश्रांती सोडून काय देणार?

आमच्या लेखी गेममधली सगळ्यात धारदार गोष्ट हीच. पट्टी पांढरी असो वा लाल, हा रोग चुकत नाही, कारण तो आला आहे टोळीच्या धंद्यातून. तुम्ही कितीही नमस्कार केले असले तरी डाउन्सच्या अंगणात तुम्ही वसुलीला गेला होतात. नैतिकतेची पट्टी असलेल्या बहुतेक गेममध्ये पापाची भरपाई पुण्याने होते. इथे होत नाही. हाती उरतं ते मिळालेल्या दिवसांत काय करायचं, तेवढंच, आणि पट्टीला खरा अर्थ येतो तो इथपासून. स्ट्रॉसच्या शेवटच्या वसुलीत कर्ज माफ करता येतं, आणि पुढे आर्थर त्याला कॅम्पमधून हाकलून देतो. डाउन्सच्या बायकोची आणि मुलाची गाठ पुन्हा पडते. ही कामं ऐच्छिक आहेत. मुख्य मिशनच्या घाईत ती सुटतात आणि गोष्टीचा अर्धा जीव निघून जातो. सेंट डेनिसमधल्या सिस्टर कॅल्डेरॉन या जोगिणीला आधी मदत केली असेल आणि ऑनर चांगला असेल, तर स्टेशनवर तिच्यासमोर आर्थर कबूल करतो की मला भीती वाटते. हा प्रसंग चुकवू नका. सिस्टर भेटली नाही तर तिच्या जागी टोळीतला पाद्री रेव्हरंड स्वॉन्सन भेटतो, आणि ते बोलणं तेवढं आत शिरत नाही.

खेळाडूच्या चांगुलपणाची परतफेडही गेम शिताफीने करतो. रानात साप चावलेला माणूस मदतीला हाक मारतो. त्याला औषध द्या किंवा जखम चोखून विष काढा. पुढे तोच माणूस बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला दिसतो आणि आतलं कुठलंही हत्यार आपल्या खर्चाने घ्यायला सांगतो. त्या वेळी स्वस्तातलं पिस्तूल उचलू नका, महागातली रायफल घ्या.

तक्रारही आहे, आणि ती मोठी आहे. मुख्य मिशनमध्ये एखाद्या गावातली निम्मी माणसं आडवी करायला लावतात, तरी पट्टी जवळजवळ हलत नाही. टोळीतल्या मायकाला स्ट्रॉबेरी गावच्या तुरुंगातून सोडवतानाचा रक्तपात आठवा. बाहेर एका कोंबडीचोराला मारलं तर टोपी लाल होते आणि इथे गल्ली प्रेतांनी भरली तरी टोपी गप्प. शिवाय मिशनमध्ये ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलं की लगेच अपयशाचा शिक्का बसतो. उघड्या जगात तुमची नीती तुमची आणि मिशनमध्ये लेखकाची, हा सांधा शेवटपर्यंत नीट जुळलेला नाही.

आता इंस्टॉलेशन. पीसीवर १५० जीबी जागा लागते, कमीत कमी ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७७० च्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड. बरं चालायला १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० धरा. स्टीमवरून घेतला तरी रॉकस्टारचं खातं उघडावंच लागतं. पूर्ण किंमत मोजू नका, सेलमध्ये भाव बराच उतरतो. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी लॅपटॉपवर हा गेम लावाल, तर मशीन तापून वेग स्वतःच कमी करेल. एमएसएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद ठेवा, पाण्याचा आणि धुक्याचा दर्जा खाली आणा, कार्डाच्या सेटिंगमधून ३० किंवा ४० फ्रेमची मर्यादा घाला आणि खेळ रात्रीवर ढकला. मिशन चालू असताना सेव्ह होत नाही. मध्येच वीज गेली तर ते मिशन पहिल्यापासून, म्हणून भारनियमनाच्या वेळी नवं मिशन उघडू नये. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, कारण बोली जुनी आणि तोंडातल्या तोंडात आहे.

राहता राहिले शेवट. शेवटच्या मिशनमध्ये निवड असते: टोळीतल्या जॉनला त्याच्या कुटुंबाकडे पोचवायचं की पैशांसाठी मागे फिरायचं. त्यात पट्टी मध्याच्या वर आहे की खाली, हे मिसळलं की चार प्रकार होतात. वर असून जॉनला साथ दिली तर आर्थर उगवता सूर्य बघत शांतपणे जातो. खाली असेल तर मायका त्याच्या डोक्यात गोळी घालतो. पैशांकडे वळलात तर मायकाशी सुऱ्यांची झटापट होते. उपसंहारात आर्थरच्या थडग्यापाशीही फरक दिसतो, ऑनर वर असेल तर तिथे फुलं असतात. सगळे शेवट बघायचे असतील तर अख्खा गेम पुन्हा खेळायची गरज नाही. सहावा भाग संपत आला की वेगळ्या जागेत हाताने सेव्ह करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका. त्या सेव्हमधून पट्टी मध्याच्या पलीकडे न्यायला वर चढायचं असेल तर गावात फिरून नमस्कार करा आणि नदीवर मासे सोडा. खाली यायला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही.